फुलाची जागा

मोहाचं फूल पडायला लागलं की मला क्योटोची आठवण येते.

आता तुम्ही विचाराल, क्योटोला कधी गेला होतात? कधीच नाही. माझ्याकडे पासपोर्ट नाही. माझा परदेश म्हणजे सिरोंच्याच्या पुलापलीकडचं तेलंगण. तिथेही एकदाच गेलो आणि तिखटाचा ठसका घेऊन परत आलो. तरी क्योटोत मार्च संपता संपता कुठल्या काठाला चेरी फुलते, पाकळ्या पाण्यावर कशा तरंगतात, लोक झाडाखाली चटया टाकून डबे कसे सोडतात, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. हे सगळं माझ्या डोक्यात भरलं मडावी मॅडमनी. आणि खरी गंमत अशी, की त्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं.

इंदू मडावी गडचिरोलीला आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मी मराठी. हिवाळ्यात धान घरात आलं की मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाची कामं करतो, म्हणून मॅडमनी मला नावानं कधी हाक मारली नाही. भर व्हरांड्यात, विद्यार्थ्यांच्या देखत, "काय खलनायक, आज कोणाचा गळा दाबला?" ठेंगणा बांधा, सुती पातळ, केसांचा घट्ट अंबाडा. स्टाफरूमच्या दाराशी चपला काढून आत यायच्या, जणू आत देव्हारा आहे. आत होता आमचा कॅरम. बिनदुधाचा चहा प्यायच्या आणि तो दोन्ही हातांनी कप धरून, मान किंचित वाकवून. आमचा कॅन्टीनवाला म्हणायचा, "मॅडम चहा पित नाई, चहाले नमस्कार करते."

मनगटावर घड्याळ असायचं ते जपानच्या वेळेवर. नवीन पोरं किती वाजले म्हणून विचारायची आणि दुपारी एकला साडेचार ऐकून दप्तर उचलायची. एवढं असून मॅडम स्वतः तासाला कधी उशिरा आल्या नाहीत. मनातल्या मनात वजाबाकी करत जगायची त्यांना सवय झाली होती.

त्यांचं संशोधन जपानच्या जुन्या साखळी-कवितेवर. ही भानगड आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काही माणसं एकत्र बसतात. एकजण तीन ओळींचं कडवं म्हणतो. दुसरा त्याला जोडून दोन ओळींचं. मग तिसरा पुन्हा तीन. प्रत्येक कडवं आपल्या आधीच्या कडव्याला धरून हवं, पण त्याच्याही आधीच्याशी त्याचा संबंध नको. मागे वळायचं नाही, हा कायदा. साखळीत चंद्राची जागा ठरलेली असते आणि फुलाचीही. फुलाची जागा सगळ्यांत मानाची. बैठकीत जो आदराचा, त्याच्यासाठी ती सोडतात. आपल्याकडे पंगतीत व्याह्याला पहिला पाट देतात, तसं.

मॅडमनी हा कायदा स्टाफरूमला लावला होता. भूगोलाच्या ठेंगरी सरांना कुठलाही विषय कूलरवर आणायची सवय. परीक्षेचं बोलणं चाललंय, कूलर. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कूलर. मॅडम चष्म्यावरून बघायच्या. "सर, तुमी दोन कडवी मागं गेले. बाद!" पुढेपुढे बाद व्हायच्या भीतीनं सर इतकं नवंनवं बोलायला लागले, की त्यांना चांगलं बोलता येतं हे आम्हाला प्रथमच कळलं.

एकदा बाहेरून कमिटी आली. त्यातले एक गृहस्थ, सफारी घातलेले, फाईल मिटत म्हणाले, "मॅडम, गडचिरोलीत बसून जपान? याचा इथे उपयोग काय?"

मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, उद्या जपानात बसून कोणी गडचिरोलीवर पुस्तक लिहिलं, तर तुमी त्याले हार घालान का नाई?"

"अर्थात!"

"मंग तोच रस्ता आहे. मी तिकडून न येता इकडून गेली, एवढंच."

गृहस्थांनी फाईल पुन्हा उघडली. काय करावं सुचलं नाही की माणसं फाईल उघडतात.

क्योटोतले त्यांचे गुरू, ज्यांना त्या फक्त 'सेन्सेई' म्हणायच्या, महिन्याकाठी फोनवर भेटायचे. कॉलेजात रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. मॅडम पदर खोचून जिना चढायच्या, फोन लावायच्या आणि बोलता बोलता कमरेत वाकायच्या. पुन्हा सरळ. पुन्हा वाकायच्या. नव्यानं आलेल्या शिपायानं ते पाहिलं आणि धावत माझ्याकडे आला. "सर, मॅडमच्या कमरेत उसण भरली, टाकीवर अडकल्या." मी त्याला समजावलं, की त्या नमस्कार करून राहिल्या आहेत. तो विचारात पडला. "पण त्याले दिसते का तिकडून?"

मी हा प्रश्न मॅडमना पोचवला. त्या म्हणाल्या, "त्याईले आवाजात समजते, वाकली का नाई ते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा नुसता हसलो होतो.

मग आला आमच्या प्राचार्यांच्या डोक्यातून निघालेला 'जपान दिवस'. मॅडमचा सत्कार करायचा आणि पेपरात फोटो द्यायचा, असा बेत. पोरांनी कराटेचे झगे आणले. मुलींनी भाताचे गोळे केले आणि आत अंबाडीची भाजी भरली, जी जपानी माणसानं खाल्ली असती तर तो इथेच राहिला असता. आवारातल्या कडुलिंबाला गुलाबी प्लास्टिकची फुलं तारेनं बांधली. कडुलिंब बिचारा मुंडावळ्या बांधलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. मॅडम पोट धरून हसल्या. सगळ्या गोळ्यांची चव घेतली, कराटेवाल्या पोरांना जपानीत शाबासकी दिली. मंडप रिकामा झाल्यावर त्यांनी एक प्लास्टिकची फांदी सोडवली आणि उलटसुलट करून पाहिली.

"असं नसते," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "म्हणजे... असं नसावं."

मी खुर्च्या आवरत होतो. हातातली खुर्ची तशीच राहिली. "नसावं म्हणजे? मॅडम, तुम्ही तर तिथे राहून आलात."

"पानगळीत गेली होती मी. लाल झाडं पाह्यली, बर्फ पाह्यला. फूल नाई पाह्यलं."

ऐन हिवाळ्यात गावाहून फोन गेला होता, बाबांना लकवा मारला म्हणून. त्या एकुलत्या एक. सेन्सेई स्टेशनवर सोडायला आले. म्हणाले, दोन महिने थांब, फुलं बघून जा. या म्हणाल्या, पुढच्या वर्षी येते. पाहुण्यानं पहिलं कडवं म्हणायचं असतं, म्हणून फलाटावरच यांनी एक कडवं म्हटलं. गाडी हलताना सेन्सेईंनी त्याला जोडून दुसरं म्हटलं. छत्तीस कडव्यांची साखळी तिथे सुरू झाली. पुढे ती पोस्टानं चालली, ईमेलनं चालली, टाकीच्या जिन्यावरून चालली. साखळीत फुलाच्या जागा दोन. पहिली मॅडमनी सेन्सेईंना सोडली. दुसरी, शेवटच्या कडव्याच्या अगदी आधीची, सेन्सेईंनी मॅडमसाठी राखली. तिथे येऊन साखळी थांबली होती. कित्येक वर्षं.

"कारण जायला जमलं नाही?"

"कसं जमन? बाबा गेले, मंग यायो एकटी." यायो म्हणजे त्यांची आई, गोंडीत. "मार्च-एप्रिल म्हणजे परीक्षा, पेपर तपासणं, आन् मोह. तिकडचं फूल आन् आमचं फूल एकाच टायमाले येते, खलनायक. दोन पोरींची लग्नं एकाच मुहूर्तावर. मी कोणत्या मांडवात जाऊ?"

मी म्हटलं, "न पाहता लिहून टाका. मी एकही खून केलेला नाही, तरी दर हिवाळ्यात चार मुडदे पाडतो."

"आन् लोक हसते ना तुमचे खून पाहून?"

यावर मी खुर्च्या आवरल्या. पण माझ्यात मराठीचा प्राध्यापकही आहे, तो उसळला. "मग मोहाच्या फुलावर लिहा!"

"नाई." मॅडमचा आवाज एकदम वर्गातला झाला. "त्या जागेवर फूल म्हणजे चेरीच. शेकडो वर्षांचा रिवाज आहे. पाहुण्यानं घरात जाऊन देवघर हलवाचं नसते."

प्लास्टिकची फांदी त्यांनी पुन्हा कडुलिंबाला नीट बांधली. चार दिवसांनी वाऱ्यानं ती उडून गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होळी झाली होती आणि कॉलेजात परीक्षेचे बाक लागले होते, मॅडम टाकीच्या जिन्यावरून खाली आल्या त्या शेवटच्या पायरीवर बसूनच राहिल्या. फोन मांडीवर. मी जवळ गेलो.

"सेन्सेईच्या बायकोनं फोन उचलला होता. सेन्सेईचे डोळे गेले. पार. हिवाळाभर दवाखाना झाला, पण डोळे नाई वाचले. आता ओसरीवर बसते आन् रोज विचारते, फुललं का? ते बाई सांगते, फुललं. मंग म्हणते, गडचिरोलीचं कडवं आलं का? ते बाई सांगते, नाई."

मी शेजारच्या पायरीवर बसलो. खलनायकाला अशा जागी संवाद नसतात.

"आता सेन्सेईलेही दिसत नाई," मॅडम म्हणाल्या. "आमी दोघं सारखेच झालो."

समोरच्या ग्राउंडवर पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांच्याकडे बघत त्यांनी अचानक विचारलं, "चेरीची पाकळी पडताना आवाज येते का हो?"

"मला काय विचारता? मी तर सिरोंच्याच्या पुढे..."

"नाई येत. हजार वर्षांच्या कवितेत कुठंच नाई येत. ते बिनआवाजी पडते, त्याचंच तर सारं रडणं आहे." त्या उठल्या. पदर झटकला. "खलनायक, उद्या गावाले येता का? पहाटे फोन धराले माणूस पाहिजे."

त्यांचं गाव धानोऱ्याच्या रस्त्याला, जंगलात. मी मोटरसायकलवर अंधारातच निघालो. पहाटेच्या त्या रस्त्यावर प्रत्येक पळस मला वाघासारखा दिसत होता. एका वळणावर खरोखरच काही हललं आणि मी अशी आरोळी ठोकली, की ती ऐकायला तिकीट लावता आलं असतं. गाय होती. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर झाडीपट्टीच्या प्रेक्षकांनीही मला कधी दिली नाही.

गावात पोचलो तेव्हा रस्त्याकडेच्या मोहाखाली मायलेकींचं भांडण पेटलेलं होतं.

जंगलातली मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. हे झाड अमक्याच्या आज्याचं, ते तमक्याच्या आतेचं. कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली टेकवत नाही. आणि फूल पडायच्या आधी झाडाखालची जमीन पाला काढून अशी लखलखीत झाडतात, की रात्री पडलेलं फूल न् फूल पहाटे दिसावं. यायोनं आपल्या सगळ्या झाडांखालचं झाडलं होतं. त्यातलं सगळ्यांत भरणारं झाड हे रस्त्याकडेचं, आणि नेमकी इथेच फोनला रेंज. आणि प्राध्यापक इंदू मडावी त्या झाडलेल्या जमिनीवर टोपलीनं वाळका पाला आणून पसरत होत्या.

"अवो, पागल झाली का हे?" यायो मलाच विचारायला लागली. वाळकी, काटक म्हातारी, हातात खराटा. "झाडलेल्या जागेवर कोणी पाला टाकते का? फूल दिसन का त्याच्यात? एवढी शिकली अन् काऊन असं करून राह्यली?"

"यायो, साफ जमिनीवर आवाज येत नाई."

"आवाज खातेस का?"

मी मध्ये पडलो. "पत्र्याचा तुकडा ठेवू का, मॅडम? टणटणीत वाजेल."

"ते नाटक होईन," मॅडम म्हणाल्या. माझा विषय संपला.

मग त्यांनी यायोला गोंडीत काहीतरी सांगितलं. बराच वेळ. मला त्यातला 'सेन्सेई' एवढा एकच शब्द कळला. यायोचा खराटा हळूहळू खाली आला. ती झाडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, म्हणजे साक्षीदार राहावा म्हणून असावं,

"म्हातारा आंधळा झाला म्हणते. शिकवलं म्हणते यीले." तिनं खराटा बुंध्याला टेकवला. "त्याले सांगजो, आज हे झाड त्याचं. आजचं फूल आमी नाई वेचत."

मॅडम हातातली टोपली धरून उभ्या राहिल्या. शेकडो वर्षांच्या रिवाजावर पुस्तकं वाचलेली बाई ती. बैठकीत आदराच्या माणसासाठी फुलाची जागा सोडतात, हे त्यांनी आम्हाला शंभरदा शिकवलं होतं. त्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या आणि चष्मा काही पुसला जाईना.

फोन लागला. तिकडे ऊन आलेलं होतं, इकडे आभाळ नुकतं फिकटत होतं. सेन्सेईंच्या बाईंनी फोन त्यांच्या कानाशी धरला, असं मॅडमनी आम्हाला खुणेनं सांगितलं. मॅडम एकदा वाकल्या. मग दोन शब्द बोलल्या, फोन माझ्या हातात दिला आणि माझा हात धरून खाली, पाल्याजवळ नेला. यायोनं तोंडावर बोट ठेवलं. मी, ज्याला मागच्या रांगेपर्यंत श्वास पोचवायची सवय, श्वास धरून उकिडवा बसलो.

काही नाही. दूर कुठेतरी कोंबडा. पुन्हा काही नाही.

टप्.

मग जरा वेळानं, दुसरीकडे, टप्. मग लागोपाठ दोन. मोहाचं फूल भरीव असतं, रसानं जड. वाळक्या पाल्यावर ते पडतं तेव्हा आवाज येतो तो कोणी अनवाणी, जपून चालत यावं तसा. मी जन्मभर या मुलखात राहिलो. हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, कारण आम्ही सगळे जमीन झाडून ठेवतो.

फोनमधून काहीच येईना. मला वाटलं, रेंज गेली. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, थांबा. पाय भरून मुंग्या आल्या. उजेड खोडापर्यंत आला. पाल्यावर फिक्कट पिवळे थेंब दिसायला लागले. आणि मग फोनमधून एक म्हातारा आवाज आला, अगदी लहान. एकच शब्द, प्रश्नासारखा.

"हाना?"

"फूल का, म्हणून विचारते," मॅडम कुजबुजल्या. फोन माझ्याकडून घेतला, वाकल्या, "हाय," म्हणाल्या. म्हणजे होय. आणि तिथेच, उभ्याउभ्या, त्यांनी कडवं म्हटलं. नंतर मला मराठीत सांगितलं ते असं:

झाडात अजून अंधार,
वाळक्या पाल्यावर आधी
कानाला आलं फूल.

कडव्यामागोमाग त्या आणखी काही बोलल्या; त्यातला 'यायो' एवढाच शब्द मला कळला. मग सेन्सेई काहीतरी बोलले आणि मॅडम खाली बसल्या, पाल्यातच.

"काय म्हणते म्हातारा?" यायोला दम निघेना.

"म्हणते... रिवाज जागेचा आहे, झाडाचा नाई. फूल आलं. पुढं चला."

"अन् झाडाचं सांगतलं का त्याले?"

"सांगतलं."

"मंग?"

"वाकला म्हणते त्याची बाई. ओसरीवर, बसल्या जागी. तुह्यासाठी."

यायोनं खराटा उचलला, पदर डोक्यावर घेतला आणि कोणालाच दिसणार नाही अशा बेतानं झाडाआड जाऊन क्योटोच्या दिशेनं हात जोडले. दिशा चुकली होती. तिकडे गडचिरोली होतं. मी दुरुस्त केलं नाही.

शेवटचं कडवं सेन्सेईंकडून आलं ते काही दिवसांनी, त्यांच्या बाईंच्या आवाजात:

डोळे मिटून बसलो दारी;
पाय वाजवत आला वसंत.

टाकीच्या जिन्यावरून मॅडमनी ते मला ऐकवलं. मी टाळ्या वाजवल्या, जिन्याखाली थोडा नाचलोही. त्या हसल्या. मग घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "साखळी पुरी झाली, खलनायक. आता तिकडं जायचं म्हणायले काही बहाणाच नाई उरला." इतकं मोठं काम तडीस गेलेलं माणूस इतकं पोरकं दिसू शकतं, हे मी तेव्हा पाहिलं.

तिकडची झाडं लाल व्हायच्या सुमारास सेन्सेई गेले. मॅडम निवृत्त झाल्या, गावी राहायला गेल्या. स्टाफरूममध्ये ठेंगरी सर पुन्हा कूलरवर आले, आणि त्यांना बाद करायला कोणी नव्हतं. आता मॅडमही नाहीत. गेल्या पावसाळ्यात चार दिवस ताप आला, गडचिरोलीच्या दवाखान्यात आणलं, आणि तेवढंच. मागे यायो आहे. घड्याळ तिनं ठेवलंय. ते अजून जपानच्याच वेळेवर चालतं, तिला वाचता येत नाही म्हणून त्याचं काही अडत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या मोहात. परीक्षेच्या ड्युटीवर पहिल्या एसटीनं धानोऱ्याला निघालो होतो. खिडकीशी बसलो होतो. गावाजवळ गाडी गतिरोधकावर मंदावली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहाखाली बायका, टोपल्या, लहान पोरं. आणि सगळीकडे जमीन झाडून आरशासारखी केलेली. फक्त एका झाडाखाली वाळका पाला पसरलेला होता. त्यात मॅडम बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. एक हात पुढे केलेला, जमिनीजवळ, आणि हातात फोन.

मी खिडकीतून ओरडणार होतो, चांगला मागच्या रांगेला ऐकू जाईल असा. मग आवाज गिळला आणि मोबाईल काढून त्यांचा नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला.

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन शेजारी उभा. "काय सर, कोनाले फोन लावून राह्यले? इथी उतराचं आहे का?"

क्योटोत आता ऊन आलं असेल. ओसरीवर एक म्हातारी बाई एकटीच बसली असेल, फोन कानाशी धरून.

"नाही," मी म्हटलं. "लाईन बिझी आहे."